सोळा वर्षं

पॅरिस, जून १९३८. रू द तूर्नों हा लक्झेंबर्ग राजवाड्यासमोर येऊन संपणारा लहानसा रस्ता. तिथल्या एका बिस्ट्रोत एक गृहस्थ दिवसदिवस बसून असतो आणि समोर एक जुनं हॉटेल पाडलं जात असतं. तीन भिंतींचा राडारोडा झालाय, मागची एक तेवढी उभी आहे. तिच्यावर त्याच्या खोलीचा वॉलपेपर अजून चिकटलेला दिसतो: आकाशी निळा, त्यात सोनेरी बारीक शिरा. मग परांची चढते, तिच्यावर दोन मजूर येतात, टिकाव आणि हातोड्याचे घाव त्या निळ्या कागदावर पडतात आणि भिंत पुरती खिळखिळी झाली की ते तिला दोर बांधतात, फाशी द्यायच्या माणसाला बांधावेत तसे. हॉटेल गेल्यावर मागे राहिलेली मोकळी जागा हॉटेलपेक्षा लहान वाटते, हेही त्या गृहस्थाच्या नजरेतून सुटत नाही. ऑस्ट्रियन लेखक आणि पत्रकार योझेफ रोटने हे सगळं एका छोट्या लेखात लिहिलं आणि पॅरिसमधून निघणाऱ्या निर्वासितांच्या जर्मन साप्ताहिकात तो छापून आला. पहिल्याच वाक्यात तो सांगतो की या हॉटेलात मी सोळा वर्षं राहिलो, मधले प्रवास वगळून.

सोळा?

रोट पॅरिसला पहिल्यांदा आला मे १९२५मध्ये. ३८ वजा २५, तेरा. त्यातले रशिया, आल्बेनिया, बर्लिन, ऑस्टेंड वगळले तर आकडा आणखी खाली येतो, वर जायचं काही कारण नाही. हा लेख जितक्या वेळा वाचावा तितक्या वेळा ती तीन जादा वर्षं चपलेतल्या खड्यासारखी टोचतात. वाक्याच्या लयीसाठी केलं म्हणावं तर जर्मनमध्ये सोळाला ‘झेखत्सेन’ आणि तेराला ‘ड्रायत्सेन’, दोन्ही दोन-दोन अक्षरांचे, आघातही सारखाच. तेरा लिहिलं असतं तर वाक्य तसूभरही हललं नसतं. आणि हा माणूस बेहिशेबी नजरेचा तर मुळीच नव्हता. वॉलपेपरच्या शिरा मोजणाऱ्याची वर्षं चुकावीत, हे काही पटत नाही.

त्याची नजर कशी तयार झाली ते आधी बघायला हवं, आणि त्यासाठी एक आडवी रेघ समजून घ्यायला हवी. त्या काळच्या जर्मन वर्तमानपत्रात पानाच्या खालच्या भागात एक जाड रेघ मारलेली असे. रेघेच्या वर राजकारण, तारा, बाजारभाव. रेघेखाली ‘फेयतों’: ललित, नाटकांची परीक्षणं, प्रवासवर्णनं, क्रमशः कादंबरी. आपल्या रविवार पुरवणीचा सगळा ऐवज रोजच्या पानाच्या तळाशी दाबून बसवलाय, असं समजा. रेघेवरचे लोक स्वतःला वर्तमानपत्र समजत आणि खालच्यांना करमणूक. रोटने १९१९मध्ये व्हिएन्नाच्या ‘डेर नॉये टाग’मधून सुरुवात केली, ते पत्र वर्षभरात बंद पडल्यावर बर्लिन गाठलं आणि १९२३पासून तो ‘फ्रांकफुर्टर त्साइटुंग’साठी लिहू लागला. तिथे त्याला ओळीला एक मार्क मिळायचा असं सांगतात, आणि त्या काळात तो दर डोळे पांढरे करणारा होता. तरी १९२६मध्ये त्याने आपल्या संपादकाला, बेन्नो रायफेनबर्गला, एक चिडकं पत्र लिहिलं. मी गमतीदार टिपणं लिहीत नाही, मी या काळाचा चेहरा रेखाटतो, असं त्यात आहे. पत्राला निमित्त होतं पॅरिसचं. तिथल्या बातमीदाराची जागा वर्तमानपत्राने फ्रीडरिश झीबुर्गला दिली होती. नोकरीतला अपमान आणि साहित्यातली भूमिका एकाच पत्रात येतात तेव्हा भूमिका जरा मोठ्या आवाजात मांडली जाते. पण मुद्दा खराच होता.

रेघेखालच्या त्या मजकुरात तो नेमकं काय करायचा, त्याचा एक नमुना मे १९२१मधला, बर्लिनच्या एका पत्रातला. विषय काय, तर फेरफटका. रस्त्यावर भाड्याच्या गाडीला जुंपलेला एक घोडा आहे, मान खाली घालून तोबऱ्यात बघतोय, आणि घोडे मुळात गाडीशिवाय जन्माला आले होते हे त्याला ठाऊक नाही. पलीकडे एक पोरगा गोट्या खेळतोय. चौकात एक पोलीस उभा आहे. बस. कारागिरी बघायची तर घोड्याचं वाक्य उलगडून बघावं. आधी वस्तू, मग तिची मुद्रा, मग हातातलं सामान म्हणजे तोबरा, आणि सगळ्यात शेवटी, आवाज न चढवता, एक पोटवाक्य. ते पोटवाक्य तक्रार करत नाही, माहिती दिल्यासारखं येतं. तिथे ‘बिचारा’ हा एक शब्द घातला की सगळं कोसळतं. हे तंत्र पुष्कळांनी उचललं आणि पुष्कळांचं फसलं, कारण त्यांना ते पोटवाक्य आधी सुचतं आणि घोडा मग शोधावा लागतो. रोटच्या मजकुरात घोडा खरोखरच उभा असतो, त्याचा वास येतो.

या नजरेचा एक पुरावा तर कॅलेंडरच देतं. त्याची पहिली कादंबरी ‘डास श्पिनेननेट्स’, म्हणजे कोळ्याचं जाळं, १९२३च्या ऑक्टोबरपासून व्हिएन्नाच्या कामगारांच्या दैनिकात क्रमशः येत होती. विषय होता युद्धातून परतलेला, अपमान गिळून बसलेला एक लेफ्टनंट आणि उजव्या गुप्त संघटना. मजकुरात हिटलरचं नावसुद्धा होतं. शेवटचा हप्ता ६ नोव्हेंबरला आला. म्युनिकच्या बिअर हॉलमधला हिटलरचा उठाव ८ तारखेच्या रात्री झाला.

असा माणूस १९२७मध्ये ‘पलायन, अंत नसलेलं’ या कादंबरीच्या प्रस्तावनेत लिहितो की आता कल्पना लढवायची गरज उरलेली नाही, महत्त्वाचं ते पाहिलेलं. तरुण लेखकांनी हे वाक्य झेंड्यासारखं उचललं. आणि तीनच वर्षांत, जानेवारी १९३०मध्ये, यानेच ‘पुरे झाली ही नवी वस्तुनिष्ठता’ अशा अर्थाच्या मथळ्याखाली एक लांबलचक लेख लिहून तो झेंडा खाली खेचला. साक्षीदाराचा जबाब आणि कलाकृती यांत लोक गल्लत करतात, कच्च्या मालालाच पक्का समजतात, असा त्याचा राग होता. रोटला सुसंगत ठरवण्याच्या फंदात पडू नये. जर्मन समीक्षक वॉल्टर बेन्यामिन त्याला १९२६च्या डिसेंबरात मॉस्कोत भेटला होता. हा गृहस्थ जवळजवळ बोल्शेविक होऊन रशियात आला आणि राजनिष्ठ होऊन परत चाललाय, अशी नोंद त्याने डायरीत केली. तेव्हा सगळ्यांना तो विनोद वाटला असणार.

आता दुसरी बाजू. जगाबद्दल इतका काटेकोर असलेला हा माणूस स्वतःबद्दल बेधडक थापा मारायचा.

जन्म २ सप्टेंबर १८९४, ब्रॉडी. ऑस्ट्रो-हंगेरीच्या पूर्व टोकाला, गालित्सियात, रशियाच्या हद्दीला टेकलेलं हे गाव आज युक्रेनमध्ये आहे. एके काळी त्याला शंभरेक वर्षं मुक्त व्यापाराची सनद होती आणि रोटच्या जन्माआधी ती गेली होती. ज्यूंची मोठी वस्ती, सरहद्दीवरची गुत्ती, चोरटा माल, दलदल, बेडूक. रोटच्या निम्म्या कादंबऱ्या याच चिखलात उभ्या आहेत. पण जन्मगाव विचारलं की तो श्वाबी म्हणून एक नाव पुढे करायचा, कारण ते कानाला जर्मन वाटे. वडील नाखुम पोराच्या जन्माआधीच वेडाच्या भरात घरातून गेले आणि त्याला कधीच दिसले नाहीत. त्या रिकाम्या खुर्चीवर तो मग कोणालाही बसवायचा, कधी ऑस्ट्रियन अधिकारी, कधी पोलिश सरदार. सैन्यात तो १९१६मध्ये गेला, साधा शिपाई म्हणून. त्याचा बराच काळ युद्धाच्या प्रसिद्धी खात्याच्या कामात गेला. सांगताना मात्र लेफ्टनंट, शिवाय रशियन कैदेतून सुटून आलेला. आधीच्या नावातला ‘मोझेस’ व्हिएन्नात गळून पडला. पुढे समाजवादी पत्रात लिहिताना आडनावाशी खेळ करून (जर्मनमध्ये ‘रोट’ म्हणजे लाल) ‘लाल योझेफ’ अशी सहीही करून झाली.

या थापांमध्ये एक गोष्ट मात्र खरी सापडते, आणि ती थापांपेक्षा साधी आहे. नोव्हेंबर १९१६मध्ये म्हातारा सम्राट फ्रान्झ योझेफ वारला तेव्हा व्हिएन्नात प्रेतयात्रेच्या वाटेवर सैनिकांची रांग उभी केली होती. त्या रांगेत हा बावीस वर्षांचा शिपाई होता. बारा वर्षांनी त्याने त्यावर लिहिलं, ‘एक होता सम्राट’ अशी परीकथेसारखी सुरुवात करून. तिथे त्याने स्वतःला बढती दिलेली नाही. रांगेतल्या शिपायाला जेवढं दिसतं तेवढंच दिसतं.

आणि मग १९३२, ‘राडेट्झकी मार्च’ ही कादंबरी. सगळं कथानक सांगत बसत नाही, पहिल्या प्रकरणातल्या एकाच तुकड्यापाशी थांबतो. १८५९, सोल्फेरिनोची लढाई. तरुण सम्राट आघाडीवर येतो आणि दुर्बीण डोळ्यांना लावतो. लेफ्टनंट ट्रोट्टाच्या पोटात गोळा येतो, कारण माघार घेणाऱ्या शत्रूच्या पिछाडीला दुर्बीण दिसली की तिथे नेम धरण्याजोगा कोणी बडा माणूस आहे हे कळतं. तो सम्राटाचे खांदे धरून त्याला खाली दाबतो आणि गोळी स्वतःच्या डाव्या खांद्यात घेतो. पदक मिळतं, सरदारकी मिळते. वर्षांनंतर मुलाच्या शाळेच्या वाचनमालेत त्याला पंधराव्या धड्यात आपलीच गोष्ट सापडते. तिच्यात तो घामेजलेल्या तांबड्या घोड्यावरून तलवार उपसून दौडत येतो आणि छातीत भाला झेलतो. ट्रोट्टा पायदळातला. घोड्याचा संबंधच नव्हता. बायको समजावते, नोटरी समजावतो की पोरांसाठीच्या पुस्तकात असंच लिहितात, शिक्षण खातं लेखी उत्तर पाठवतं. शेवटी तो थेट सम्राटापुढे जातो. सम्राट म्हणतो, प्रकरण जरा अडचणीचं आहे खरं, पण त्यात आपण दोघंही काही वाईट दिसत नाही, राहू द्या ती गोष्ट. ट्रोट्टा म्हणतो, महाराज, ते खोटं आहे. आणि सम्राट, जणू हवामानाबद्दल बोलतोय अशा सुरात, कबूल करतो की खोटं फार बोललं जातं.

ट्रोट्टा सैन्य सोडतो. इतिहासातल्या धड्यांपायी कुणी नोकरी सोडलेली दुसरी कादंबरी मला आठवत नाही.

हे प्रकरण लिहिणारा कोण, तर ज्याने स्वतःच्या चरित्राचा पंधरावा धडा स्वतःच लिहून ठेवला होता, घोड्यासकट! टीकाकार ट्रोट्टात साम्राज्याचा ऱ्हास शोधतात, तो आहेच. पण मला सम्राटापुढच्या त्या भेटीत दोन रोट समोरासमोर उभे दिसतात. एक म्हणतो, पायदळ होतं. दुसरा म्हणतो, राहू द्या. आणि कादंबरी ‘फ्रांकफुर्टर त्साइटुंग’मध्ये रोज छापली जात होती ती रेघेखाली, वर जर्मन प्रजासत्ताकाच्या शेवटच्या वर्षातल्या बातम्या.

हॉटेलांकडे परत येऊ. रोटला घर नव्हतं हे काही त्याचं दुर्दैव नव्हतं, निदान सुरुवातीला तरी तो त्याचा ताठा होता. १९२९मध्ये त्याने हॉटेलावर एक मालिकाच लिहिली. त्यात स्वागतकक्षातला माणूस, म्हातारा वेटर, स्वयंपाकी असे एकेक जण येतात आणि इतर पुरुष घरी, बायकोपोरांकडे परततात तसा मी हॉटेलात परततो, असं तो अभिमानाने सांगतो. लिहायचं तर कॅफेच्या टेबलावर, माणसांच्या गलबल्यात, मुंगीएवढ्या अक्षरात. सामान दोनतीन सुटकेसमध्ये मावेल एवढं. हे ऐकायला छान वाटतं, पण या व्यवस्थेची किंमत मोजणारं आणखी एक माणूस होतं. फ्रीडरिके राइखलर, फ्रीडल, व्हिएन्नाची मुलगी. ५ मार्च १९२२ला लग्न झालं. पुढची काही वर्षं तिने गावोगावच्या हॉटेलांच्या खोल्यांत एकटीने काढली, नवरा वर्तमानपत्रासाठी भटकत असताना. १९२८च्या सुमारास तिच्या मनाचा तोल गेला. स्किझोफ्रेनिया. इस्पितळं, परिचारिका, महागडी सॅनेटोरियम, मग व्हिएन्नाचं श्टाइनहोफ मनोरुग्णालय. रोटने स्वतःलाच दोषी धरलं आणि पिणं वाढलं. ‘हिओब’ या १९३०च्या कादंबरीत एक आजारी मूल मागे ठेवून परदेशी जाणारा बाप आहे. त्या पानांवर बोट ठेवून कुणी काही म्हणायची गरज नाही.

३० जानेवारी १९३३ला हिटलर चॅन्सलर झाला आणि त्याच दिवशी रोटने बर्लिन सोडलं ते कायमचं. पंधरा-वीस दिवसांत त्याने आपल्या लेखक मित्राला, स्टेफान त्स्वाइगला, लिहिलं की आपण मोठ्या संकटाकडे चाललोय, स्वतःची फसवणूक करून घेऊ नका, इथे आता नरकाचं राज्य आहे. त्स्वाइगसकट बहुतेकांना तेव्हा हा अतिरेक वाटला. पुढचा व्यवहार मात्र फार रोकडा होता. जर्मन भाषेतल्या लेखकाचा गिऱ्हाईक जर्मनीत, आणि तो एका रात्रीत गेला. ओळीला मार्क देणारं पत्र गेलं. उरले ॲमस्टरडॅमचे दोन प्रकाशक, क्वेरिडो आणि आलर्ट द लांगे, आणि त्यांचा आगाऊ पैसा. आगाऊ रक्कम हप्त्यांनी येते, हप्ता येण्याआधीच खर्च झालेला असतो, म्हणून पुढच्या पुस्तकाचा करार करायचा, म्हणजे ते पुस्तक आधीचं पुरं होण्याच्या आतच देणं लागतं. या चक्रात त्याने सहा वर्षांत डझनभर पुस्तकं रेटली. काहींचे सांधे उघडे दिसतात, दोन ठिकाणी एकच प्रसंग थोडा फिरवून आलाय. आणि कमतरता भरून काढायला त्स्वाइगला पत्रं. ही पत्रं वाचवत नाहीत. विनवणी, शिव्या, माफी, पुन्हा विनवणी, आणि मधेच त्स्वाइगच्या गद्यातल्या जादा विशेषणांवर ताशेरे.

याच धबडग्यात, १९३७मध्ये, त्याने ‘खोटं वजन’ ही कादंबरी लिहिली. आन्सेल्म आइबेनश्युट्स हा सरहद्दीवरच्या जिल्ह्यात वजनमापांचा सरकारी निरीक्षक. बाजारात जाऊन तराजू, वजनं, फूटपट्ट्या तपासायच्या, शिक्का नसेल तर दंड. माणूस सरळ, आधीचा सैनिक. त्या गावात एकही वजन खरं नाही, हे त्याला हळूहळू कळतं, आणि मग त्याचं स्वतःचं आयुष्यही काट्यावरून घसरतं. मरताना त्याला स्वप्न पडतं. आता तो दुकानदार आहे आणि एक थोर निरीक्षक त्याची वजनं तपासायला आलाय. हा घाबरून सांगतो की माझी सगळी वजनं खोटी आहेत. निरीक्षक तपासतो आणि म्हणतो, तुझी सगळी वजनं खोटी आहेत आणि तरी सगळी बरोबर आहेत, आम्ही तुझ्यावर फिर्याद करणार नाही.

वर्षभरात तो समोरचं हॉटेल पडताना बघत बसला होता. हॉटेल फॉयो. त्याच्या रेस्टॉरंटात ४ एप्रिल १८९४ला अराजकवाद्यांचा बॉम्ब फुटून लोरां तैलाद या कवीचा डोळा गेला होता, म्हणजे वास्तू तशी जुनी आणि अनुभवी. नगरपालिकेने ती धोकादायक ठरवली. रोट तिथून निघाला तो रस्ता ओलांडून समोरच्या कॅफेवरच्या खोलीत, इतकंच स्थलांतर. मधल्या काळात, फेब्रुवारी १९३८अखेर, तो व्हिएन्नाला जाऊन हाब्सबुर्ग घराण्याच्या राजपुत्र ओटोला परत आणा असं सांगायचा एक वेडा प्रयत्न करून आला होता. मार्चच्या मध्यावर हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि तो देशच उरला नाही. त्यानंतरच्या जूनमध्ये तो लिहितो की माणूस एकामागून एक मायभूमी गमावत जातो. हॉटेलच्या खोलीला मायभूमी म्हणणं एरवी नाटकी वाटलं असतं. पण ज्याचं गाव पोलंडात गेलंय आणि देश नकाशावरून, त्याच्याजवळ दुसरं काय होतं?

२३ मे १९३९ला त्याच कॅफेत, निर्वासित जर्मन नाटककार एर्न्स्ट टोलरने न्यूयॉर्कमध्ये गळफास घेतल्याची बातमी कळल्यावर, रोट कोसळला. नेकेर इस्पितळात नेलं. न्यूमोनिया. दारू अचानक तोडली, वात झाला, खाटेला बांधून ठेवावं लागलं. २७ तारखेला गेला, पंचेचाळिशीही पुरी नव्हती. आदल्याच महिन्यांत त्याने एका दारुड्याची कथा संपवली होती, तिचं शेवटचं वाक्य म्हणजे आम्हा पिणाऱ्यांना देव असंच हलकं आणि सुंदर मरण देवो. त्याला ते मिळालं नाही. तियेच्या दफनभूमीत ज्यू, कॅथलिक, कम्युनिस्ट आणि राजनिष्ठ सगळे जमले, ओटोकडून पुष्पचक्र आलं. बाप्तिस्म्याचा, म्हणजे ख्रिस्ती झाल्याचा, कागद सापडला नव्हता म्हणून पाद्र्याने विधी आटोपशीर, जर-तरच्या अटीवर केला. ज्यू मित्र त्यावर चिडले. त्याच्या कागदपत्रांत शेवटपर्यंत काही जुळलं नाही. फ्रीडलला १९४०मध्ये लिंट्सजवळच्या हार्टहाइममध्ये, मनोरुग्णांना मारण्याच्या नाझी मोहिमेत, गॅस देऊन मारलं. हे कळायला तो नव्हता.

तर सोळा. ३८मधून सोळा वजा केले तर १९२२ येतं, त्याच्या लग्नाचं वर्ष. म्हणजे मोजणी हॉटेलाची नव्हतीच, असं म्हणायचा मोह होतो. पण हिशेब इतका सुबक जुळला की मला त्याचाच संशय येतो, घामेजलेल्या तांबड्या घोड्यासारखा. कदाचित त्याने मोजलंच नसेल. कदाचित तिसऱ्या ग्लासानंतर तेराचे सोळा होत असतील. साप्ताहिकाच्या संपादकाने विचारायला हवं होतं, लेखक काही दूर नव्हता, त्याच शहरात, रोज त्याच टेबलावर. विचारलं असतं तर रोटने बहुधा तासभर एक वेगळीच हकिगत ऐकवली असती आणि आकडा तसाच राहिला असता.

वॉलपेपर निळा होता की नाही, ते मात्र आता कोणी तपासू शकत नाही. त्यावर माझा विश्वास आहे, सोनेरी शिरांसकट.